दोन रंगांचा क्रूस

बोलताना मी अडखळतो. वाचा फुटली तेव्हापासून. कागदावर ते कुणाला कळत नाही, म्हणून इथे मी असा ऐसपैस पाल्हाळ लावून बसलोय. आयुष्यभराचा उपास सोडतोय असं समजा आणि चालवून घ्या. 'न' आणि 'म' हे माझे जुने वैरी. त्यातून नाव ठेवलं मॅन्युएल, घरात मानू. कुणी नाव विचारलं की मी म-म-म करत उभा, आणि विचारणारा भला माणूस "मायकल? मार्टिन? महादेव?" करत मदतीला धावलेला. या मदतीचा मला भयंकर राग यायचा. लोकांना वाटायचं, बिचाऱ्याचं ओझं हलकं केलं. अरे, पण शब्द माझा होता ना! मी तो घशापासून दातांपर्यंत ओढत आणलेला, आणि तुम्ही दारातून उचलून नेलात.

आमच्या शेजारचे कैतानकाका यात सगळ्यांच्या पुढे. बसमध्ये कंडक्टर होते. समोरच्याने तोंड उघडायच्या आत तिकीट फाडायची सवय. उन्हाळ्यात घरोघरी वर्षाचा मसाला कुटला जायचा, तेव्हा एकदा आईने मला त्यांच्याकडे मुसळ मागायला पाठवलं. मी दारात उभा राहून "मु... मु..." काकांचे डोळे मोठे झाले. "मुलगा झाला? कुणाला रे? रोझीला?" मी मान हलवेपर्यंत आतून त्यांची बायको साखरेचा डबा घेऊन बाहेर. मुसळ शेवटी आई स्वतः जाऊन घेऊन आली. आणि गल्लीतल्या त्या रोझीचं तेव्हा लग्नसुद्धा ठरलेलं नव्हतं, तिच्या आईने काकांना जे काही ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.

माझ्यासाठी थांबणारा माणूस एकच, पप्पा. ते कुर्ला रोडवरच्या एका कारखान्यात फिटर होते. ज्याने काम हातात घेतलं त्यानेच ते संपवायचं, हा त्यांचा कायदा. दुसऱ्याने आवळलेला नट ते ढिला करून पुन्हा स्वतः आवळायचे. आईने निम्मी भाजी निवडून शेजारणीच्या पुढ्यात सरकवली तरी त्यांना खपायचं नाही. आई म्हणायची, "बरं, आज कालवण मी केलंय, तर संपवायलाही मीच बसते हां." गल्लीत सगळे त्यांना हट्टी म्हणायचे आणि ते होतेच. पण त्या हट्टाचा फायदा मला मिळायचा. मी बोलायला लागलो की पप्पा हातातला पान्हा खाली ठेवायचे आणि थांबायचे. नजर माझ्या तोंडावर नाही, कुठेतरी भिंतीवर, अगदी निवांत. वाक्य मानूचं, तर मानूच ते संपवणार, मग डोक्यावरून दोन विमानं गेली तरी चालतील. मला जगात याहून सुरक्षित जागा दुसरी ठाऊक नव्हती.

विमानांचं सांगायलाच हवं. अंधेरी पूर्वेला आमचं गावठाण, विमानतळाच्या इतकं जवळ की विमान आलं की ताटल्या मांडणीवर थरथरायच्या आणि भांडणारी माणसंसुद्धा वाक्य मध्येच धरून ठेवायची. विमान गेलं की तिथूनच पुढे सुरू. पाहुण्यांना गंमत वाटायची, आम्हाला काहीच नाही. मला तर ती विमानं फार आवडायची, कारण त्यांच्या आवाजाखाली माझी जीभ अजिबात अडत नसे. विहिरीच्या कठड्याशी उभा राहून मी आख्खं 'नमो मरिये' ओरडून म्हणायचो, सुरळीत, एखाद्या बिशपसारखं. ते कुणाला ऐकू जायचं नाही, एवढीच काय ती अडचण.

गल्लीच्या तोंडाशी आमचा क्रूस. तीन पायऱ्यांचा चौथरा, त्यावर काळ्या दगडाचा उंच खांब, वर आडवे हात. मे महिना मरियामातेचा. त्या महिन्यात रोज संध्याकाळी आख्खी गल्ली चटया घेऊन क्रूसापाशी जपमाळेला बसायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जपमाळ सांगणारा एक जण पुढे होतो आणि 'नमो मरिये'चं पहिलं अर्धं म्हणतो. 'हे पवित्र मरिये'पासून पुढचं अर्धं बाकीचे सगळे मिळून म्हणतात. मणी सरकतो, पुन्हा पहिलं, पुन्हा दुसरं. सगळ्यांबरोबर दुसरं अर्धं म्हणताना मी कधी अडायचो नाही. का ते डॉक्टरांना विचारा. पण पुढे होऊन एकट्याने पहिलं अर्धं म्हणायचं म्हणजे माझे दोन्ही वैरी एकापाठोपाठ, आणि तेही माळभर. प्रार्थना संपली की खोबऱ्याचे तुकडे घातलेले उकडलेले चणे, कागदाच्या पुड्यांत, गरम. समोरच्या सावंतकाकी, कणकवलीकडच्या, घरातला दिवा लावून यायच्या, क्रूसाला अबोलीचा गजरा घालायच्या आणि चणे वाटेपर्यंत बसायच्या. प्रार्थना त्यांना आमच्याइतकीच पाठ होती.

महिन्याच्या सुरुवातीला क्रूसाचा सण यायचा, आणि त्या दिवशीची जपमाळ आमच्या घराची. ती पप्पा सांगायचे. कशी, तर पहिलं अर्धं तर म्हणायचेच, पण दुसरंही स्वतःच म्हणायचे, सगळ्यांपेक्षा मोठ्याने, आणि गल्लीच्या आधी संपवून पुढचा मणी पकडायचे. लोक धापा टाकत मागून. "जुझे, गाडी सुटते काय रे तुझी?" कैतानकाका विचारायचे. क्रूसाला चुना लावायचं कामही पप्पांचंच. ईस्टर उरकला की पिंपात चुन्याची ढेकळं विरवायची, फडक्यातून गाळायचं, डिंकाचं पाणी घालायचं, आणि मग नीळ. किती नीळ, ते पप्पांनाच माहीत. क्रूस उन्हात निळसर दिसायचा, नुकत्या धुतलेल्या सदऱ्यासारखा. शिडी धरायला मी चालायचो, कुंचा मात्र कुणाच्या हातात जात नसे.

त्या वर्षी मी चौदा-पंधराचा. पप्पांनी वरून सुरुवात केली, आडवे हात झाले, छातीपर्यंतचा खांब झाला. मी वाकून शिडीच्या पायाखाली दगड सारत होतो, तेवढ्यात वरूनच शिडी घसरली आणि पप्पा चौथऱ्यावर आदळले. मांडीचं हाड मोडलं. हॉस्पिटलात शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं, तर "माझा कुंचा पाण्यात घातला का? कडक होईल." आई रडत होती ती रडता रडता अशी काही चिडली की परिचारिकेने तिला बाहेर नेलं. पुढे कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घालून पप्पांना घरी आणलं आणि त्यांची खाट खिडकीशी लावली. खिडकीतून समोर क्रूस. वर निळा-पांढरा, खाली काळा, शेवाळलेला.

कैतानकाका पहिल्याच दिवशी आले. "जुझे, बाकीचं आम्ही उरकतो रे. काम ते कितीसं!"

"हात लावायचा नाही. मी उठलो की मी करीन."

"उठशील कधी? नाताळात?"

"मग नाताळात."

हळूहळू गल्लीत कुरबुर सुरू झाली. सण तोंडावर आलेला आणि देवाचा खांब असा अर्धवट. पोरं म्हणायची, क्रूसाने सदरा घातला, लेंगा विसरला. सावंतकाकी गजरा घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या, "जुझेभाऊ, देवाचा काम असा अर्ध्यार सोडू नये हां." पप्पा भिंतीकडे तोंड करून पडले. काकांनी मग दुसरं विचारलं, "बरं, सणाची जपमाळ तरी मी सांगू?" पप्पा म्हणाले, "ती आमच्या घरची आहे. मानू सांगेल."

मी तेव्हा ओसरीवर कैरी खात होतो. ती तशीच हातात राहिली. गल्लीतलं एक चिटपाखरू हसलं नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. पप्पांवर मी रागावलो का? नाही. उलट मी मनातून त्यांच्या बाजूचा होतो, एकटाच. क्रूस अर्धा राहिला तर राहू दे, माझी फजिती झाली तर होऊ दे, पण पप्पांचा कायदा मोडता कामा नये. एकदा का पप्पांनी मान्य केलं की माणसाचं अर्धं काम दुसऱ्याने उचलून पुरं करायला हरकत नाही, की झालं! मग माझ्यासाठी थांबायचं कुणी? चौदा वर्षांच्या पोराच्या डोक्यात एवढा हिशेब असतो का, असं आज कुणी विचारेल. अडखळणाऱ्या पोराच्या डोक्यात असतो. बोलणं कमी, त्यामुळे विचाराला वेळ भरपूर.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी आई खाटेजवळ बसून सुक्या बोंबलांची डोकी मोडत होती. कैरी घालून कालवण करायचं होतं. पप्पा खिडकीतून बघत होते आणि मधूनच उसासा टाकत होते. तिसऱ्या की चौथ्या उसाशाला आईचं डोकं फिरलं.

"ऐका. तो समोर आहे ना, ज्याच्या नावाचा तो क्रूस, त्याने तरी आपलं काम आपल्या हाताने संपवलं काय? तेहतीस वर्षांचा होता. आणि कुणाच्या हातात टाकून गेला? एकाने चांदीसाठी विकला. एकाने कोंबडा आरवेपर्यंत शपथा घेतल्या, मी ह्याला ओळखतच नाही म्हणून. बाकीचे पळाले. असल्या लोकांच्या हातात आख्खं काम देऊन गेला तो. आणि तुमचं काय अडलंय, तर चुना!"

पप्पा म्हणाले, "कोळी होते ना त्यातले?"

"होते तर. आपल्या वर्सोव्याला असतात तसलेच, आरडाओरडा करणारे. पण पोचलं ना काम? फिरत फिरत आपल्या गल्लीपर्यंत पोचलं ना?" आणि तिने बोंबलाचं पुढचं डोकं असं मोडलं की विषय संपला.

विमान आलं, गेलं. पप्पांनी मला हाक मारली. "मानू, कैतानला जाऊन सांग, बाकीचं तुम्ही करा."

"न... न..." मी सुरू केलं. पप्पा थांबले. आईसुद्धा थांबली. "नाही," मी म्हटलं.

"का?"

"त-तुम्हीच म्हणता, ज्याने सुरू केलं त्याने..."

"शिडीवरून पडलेल्या माणसाला जरा बदलून म्हणायची परवानगी असते."

"म... म..." माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तो 'म' काही केल्या निघेना. पप्पा भिंतीकडे बघत राहिले. "मग माझी वाक्यंपण लोकच पुरी करणार?"

तेव्हा त्यांना कळलं. ते कोपरावर उठायला गेले, प्लास्टरने उठू दिलं नाही. "इकडे ये," म्हणाले, आणि माझं मनगट धरलं. चुन्याने भेगाळलेला हात, अजून आठवतो. "तुझं अर्धं तुझंच. त्यात कुणी तोंड घातलं तर मी इथून ओरडेन, पाय मोडलाय, घसा नाही. पण तुझं अर्धं झालं की तू थांबायचं. पुढचं त्यांचं. त्यात आपण नाक खुपसायचं नाही. मी इतकी वर्षं खुपसत आलो." मग जरा वेळाने, "आणि कैतानला म्हणावं, नीळ फडताळात आहे."

मी गेलो. काका बनियनवर दाढी करत होते. "प-पप्पांनी सांगितलंय, ब... ब..." काकांनी साबणाच्या तोंडाने माझ्याकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा बरोबर ओळखलं. "बाकीचं आम्ही करू? खरंच? अगे ए, जुझेने हो म्हटलं!" आणि अर्ध्या दाढीने गल्लीत पळाले. मी त्यांच्या रिकाम्या ओसरीवर उभा राहून उरलेलं वाक्य आरशाला सांगून परत आलो. राग आला का म्हणाल तर आला, पण हसूही आलं, आणि दोन्ही एकदम येण्याची ती माझी पहिलीच वेळ.

तासाभरात सगळे क्रूसाला लागले. नीळ फडताळातच राहिली. कुणाला आठवलीच नाही, कारण काकांकडे स्वयंपाकघरासाठी आणलेला डिस्टेंपर उरला होता आणि तो त्यांना चुन्यापेक्षा भारी वाटत होता. रंग पिवळसर, दुधाच्या सायीसारखा. कुणी ब्रश आडवा मारतोय, कुणी उभा, सावंतकाकी पायऱ्या घासतायत, पोरं एकमेकांच्या तोंडाला फासतायत. खिडकीतून पप्पांचा आवाज, "वरून खाली! वरून खाली ओढ रे!" थोड्या वेळाने, "अरे, ठिबकतंय तिकडे!" आणखी थोड्या वेळाने काही नाही. मी आत जाऊन बघितलं तर ते हाताची घडी घालून गप्प बघत होते आणि आई त्यांना बशीतून चहा पाजत होती. क्रूस दोन रंगांचा झाला. छातीच्या वर पप्पांचा निळसर, खाली गल्लीचा पिवळा, आणि मध्ये जोड अशी ठसठशीत की आंधळ्यालाही दिसावी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी माळ घेऊन चौथऱ्यासमोर उभा राहिलो. चटया भरलेल्या, मेणबत्त्या लागलेल्या, चण्यांचं पातेलं फडक्याखाली वाफाळतंय. क्रूसाची खूण झाली, 'हे आमच्या स्वर्गातील बापा' होऊन गेलं. आता 'नमो मरिये'. मी वर आभाळाकडे बघितलं. एरवी पाठोपाठ येणारी विमानं, त्या संध्याकाळी एक येईल तर शपथ. "न," मी म्हटलं. "न... न..." गळ्याच्या शिरा फुगल्या. समोर कैतानकाकांचे ओठ हलायला लागलेले दिसले. तोंड उघडलं त्यांनी.

"कैतान!" खिडकीतून आवाज आला. "त्याचं त्याला म्हणू दे. तुझी पाळी नंतर."

गल्ली हसली. काकांनी तोंडावर हात ठेवला. आणि मग, काय सांगू तुम्हाला, सगळे थांबले. कुणी खोकलं नाही, कुणी माझ्याकडे टक लावून बघितलं नाही. सगळ्यांनी नजरा खाली माळेवर लावल्या, जणू पप्पांनी त्यांना शिकवून ठेवलं होतं. जेवढा वेळ लागला तेवढा लागला. माझं अर्धं मी पुरं केलं, शेवटच्या शब्दापर्यंत, आणि थांबलो. लगेच समोरून ते दुसरं अर्धं उठलं, सगळ्या गल्लीचं मिळून, आणि त्यात खिडकीतून एक आवाज होता, पप्पांचा. मोठा नाही, पुढे पळणारा नाही. सगळ्यांच्या बरोबरीने, त्यांच्या चालीने. मी जन्मात पहिल्यांदा त्यांना इतरांबरोबर संपवताना ऐकत होतो. पुढचा 'न' पहिल्याइतकाच अवघड गेला, त्याच्या पुढचाही. चमत्कार वगैरे काही झाला नाही. मी आजही तसाच अडखळतो. पण जपमाळ संपली, आमच्या घरची, आमच्या घराने सांगितलेली. चणे पार गार झाले होते. सावंतकाकी पुडी उघडत म्हणाल्या, "आज देवाक सगळा सावकाश ऐकूक गावला." आईने मला दोन पुड्या दिल्या आणि पदराने माझं तोंड पुसलं, सगळ्यांसमोर. मी पुसू दिलं.

पुढच्या वर्षी पप्पा काठी घेऊन चौथऱ्याशी उभे राहिले आणि कुंचा माझ्या हातात दिला. नीळ त्यांनी घातली. मी आडवे हात केले, छातीपर्यंत आलो आणि जोडीच्या खाली कुंचा नेला, तेवढ्यात काठी शिडीवर आपटली. "उतर."

"अ-अजून रा-राहिलंय."

"उतर म्हटलं ना. ते त्यांचं आहे." आणि काठी टेकत ते स्वतः कैतानकाकांना बोलवायला गेले.

तेव्हापासून आमचा क्रूस दोन रंगांचाच रंगतो. आता आजूबाजूला टॉवर झाले, वरून मेट्रो जाते, क्रूसाच्या एका बाजूला पार्किंगचं फाटक आलंय. टॉवरमधल्या एका सज्जन सेक्रेटरीने मला सुचवलं होतं, आमचा कंत्राटदार पाठवतो, एकसारखा करून देईल. मी त्यांना कारण सांगायला लागलो. "गल्लीला ते... म-म..." ते म्हणाले, "मान्य नाही?" मी म्हटलं, बरोबर. वेळ वाचला. माझे गुडघे गेल्यापासून वरचा निळसर भाग कैतानकाकांचा नातू करतो आणि मी खाली पिवळ्यात आलोय, पायऱ्यांवर बसून. तो नीळ जरा जास्त घालतो. मी काही बोलत नाही.

पप्पा गेले ते त्याच खिडकीशी, त्याच खाटेवर, दुपारी. खूप वर्षांनंतर. गल्ली जमली होती, आई उशाशी. जपमाळ मी सांगणार होतो, पण पप्पांनी बोट हलवलं आणि स्वतःच सुरू केलं. 'नमो मरिये'पासून आपलं अर्धं त्यांनी पुरं म्हटलं, फार हळू, आणि थांबले. आता पुढचं आमचं. पण आईला हुंदका आवरेना, म्हाताऱ्या कैतानकाकांनी तोंड उपरण्यात घातलेलं, बाकीच्यांनाही रडू फुटलेलं, आणि त्या खोलीत आवाज निघू शकणारा मी एकटा उरलो. "हे प... प... पवित्र," मी म्हटलं. कुणीही माझा शब्द उचलला नाही. डोक्यावरून एक विमान गेलं, मी त्याखाली लपलो नाही, ते जाऊ दिलं आणि मग पुढे म्हटलं. 'म' अडला, खूप वेळ अडला. पप्पांची नजर माझ्या तोंडावर नव्हती, भिंतीवर होती, निवांत. मी सगळं म्हटलं, आमेनपर्यंत. तोवर ते थांबले, आणि मगच गेले.